हिरामणने अर्धा मोजलेला कॅमशाफ्ट

खारबावच्या हिरामण जॉबरला लूमचा आजार कान लावून कळायचा. भिवंडीच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, सुधारले. मागच्या दिवाळीनंतर मालकाने सगळे लूम किलोच्या भावाने विकून टाकले. जॉबरला किलोवर कोणी घेत नाही, म्हणून हिरामण घरी आला.

घरी बायको होती, भावना. "आवं, सार्थकशेटच्या गोदामात वॉचमनची ड्युटी हाय. खुर्ची पन देतान."

"खुर्चीवर बसायला मी काय सभापती हाय?"

"सभापतीला बी काम न्हाय, तुमाला बी न्हाय. बसा."

पण हिरामणने जुने जॉबर पाहिले होते. एके काळी ज्यांच्या पान्याच्या आवाजाला मालक दचकायचे, ते आता निळ्या शर्टात फाटकावर ट्रकचे नंबर लिहीत होते आणि ड्रायव्हर त्यांना 'ए चाचा' म्हणत होते.

सार्थकशेटची पडघ्याच्या रस्त्याला जमीन, जमिनीवर गोदामं, आणि अंगात जुन्या गाड्यांचं खूळ. एक जुनी फियाट त्याने दोन खोके सुट्ट्या भागांसकट उचलली होती. इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, झिजून गोटा झाला होता. खोक्यात दुसरा एक सापडला. त्यावर ना नंबर, ना नाव. नुसते छिन्नीचे तीन ठिपके.

"हिरामणकाका, हा कुठला, चालेल का, सांगा," सार्थक म्हणाला. "रविवारी वज्रेश्वरीला जुन्या गाड्यांची फेरी आहे. तिथे गाडी आली तर माझं गॅरेज तुमच्या हवाली. नाहीतर वॉचमनची जागा आहेच."

हिरामणने दांडा दोन खाचांत आडवा ठेवला, टोकाला अंशांची चकती बसवली, लेथवाल्याकडून मोजणीचा डायल आणला. बोटाने एकेक उंचवटा चाचपला. लूमच्या खालच्या शाफ्टलाही असेच उंचवटे असतात. त्याचा अंगठा तिथे घरच्यासारखा फिरला. दांडा घासून नव्याने घडवलेला होता, आणि घडवणारा हात पक्का होता. शर्यतीसाठी घडवला असेल का? हीच तर भीती होती. तसला दांडा व्हॉल्व्ह फार वेळ उघडे ठेवतो. गाडी उधळते, पण सावकाश चालत नाही.

त्याने मोजलं. व्हॉल्व्ह उघडा राहतो एकशेबावन्न अंश. फियाटच्या पुस्तकात मूळ दांड्याचे होते दोनशेचाळीस. हिरामणचा जीव भांड्यात पडला. उंची जरा जास्त भरली होती, पण त्याने मान हलवली. शर्यतीचा कसला, हा तर गरीब गायीसारखा!

बुधवारी सार्थकने विचारलं, "मुंबईहून मूळचाच मागवू का? दोन दिवसांत येईल."

"कशाला? हा त्याच्याहून शांत हाय."

तोच दांडा बसवून रविवारी सकाळी गोदामासमोर गाडी सुरू झाली. पाय दाबला की डरकाळी, सोडला की खोकला, आणि बंद. पुन्हा सुरू, पुन्हा खोकला, बंद.

"काका, ही गरीब गाय आहे?" सार्थक म्हणाला. "फेरी बैलगाडीच्या वेगाने जाणार. ही फाटकातच मरेल."

हिरामणने कार्बोरेटरचा स्क्रू पिळला, ठिणगीची वेळ पुढेमागे केली. घाम डोळ्यांत उतरला. शेवटी त्याने झाकण काढलं, मुख्य शाफ्टच्या पुलीवर खडूची खूण केली आणि हँडल हाताने फिरवलं. व्हॉल्व्ह उघडला. त्याच्या मापाने अर्ध्या फेऱ्याच्या आत मिटायला हवा होता. मिटेना. खडूची खूण जवळजवळ पुरती फिरून आली, तेव्हा मिटला.

तो बंपरवर बसला. इंजिनाचा मुख्य शाफ्ट दोनदा फिरतो, तेव्हा कॅमशाफ्ट एकदा. लूमचंही तसंच. पण जॉबर आयुष्यभर खालच्या शाफ्टवर हात ठेवून मोजतो, आणि पुस्तकवाले मुख्य शाफ्टवर. एकशेबावन्न नाहीत, दुप्पट, तीनशेचार. खराखुरा शर्यतीचा दांडा त्याने गाय म्हणून बांधला होता.

दुसरा दांडा नव्हता. वेळही नव्हता. रस्त्यावरून फेरीच्या दोन गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या.

सार्थकने घड्याळ पाहिलं. "दांडाच भंगार निघाला ना? तुम्ही तरी काय करणार."

नुसती मान हलवायची होती. गॅरेज वाचलं असतं, निळा शर्ट टळला असता. हिरामणची मान खरंच हलायला निघाली. पण एकतीस वर्षं दर शिफ्टला त्याने पाटीवर दोन गोष्टी लिहिल्या होत्या: बिघाड काय, आणि कोणामुळे. तोंडाने सवयीने तेवढंच केलं.

"दांडा एक नंबर हाय, शेट. मी अर्धा मोजला."

"म्हणजे चूक तुमची?"

"माझी."

सार्थकने बॉनेट खाली ओढून बंद केलं. "उद्यापासून चार नंबर गोदाम. सकाळची शिफ्ट," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीत बसला.

भावनाचा फोन आला. "चालली का गाडी?"

"चालली. लई जोरात चालते. हळू चालत न्हाय."

"म्हंजी?"

"उद्या सकाळी डबा कर."

टोमणा येईल म्हणून हिरामण थांबला. "भाजी कंची करू?" तिने एवढंच विचारलं, आणि त्याला तेच सोसेना.