नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत दर रविवारी साक्षीची वेळ असते. उपदेशाआधी ज्याला वाटेल त्यानं उठायचं, माईक घ्यायचा आणि आठवडाभरात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाची म्हैस बरी झालेली असते, कुणाच्या लेकीचं लग्न ठरलेलं असतं. प्रत्येक वाक्यावर सगळे "हालेलुया" म्हणतात. निपाणीजवळच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात लहानपणापासून मी कितीतरी साक्षी ऐकल्या. दिली मात्र एकच, आणि तीही सूड म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी मला क्षमेवर प्रवचन द्यायला नको.

माझ्या आक्काला सदलग्याला दिली होती. नवरा मारायचा. एक दिवस सुजलेलं मनगट पदराखाली झाकून ती माहेरी आली, ती परत गेलीच नाही. मी तेव्हा बेळगावात, टिळकवाडीतल्या एका शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला घरी यायचे. मी म्हटलं, वकील गाठू. आई म्हणाली, "आदी पास्टरांस्नी इचारू." आमच्यात लेकीचं लग्न काय आणि बोअर कुठं मारायची काय, सगळं पास्टरांना विचारूनच चालायचं.

आक्का त्यांच्याशी मंचामागच्या खोलीत बोलली. आईलाही सांगितलं नव्हतं ते तिनं तिथं सांगितलं. नवऱ्याच्या मारानं तिच्या पोटातलं बाळ गेलं होतं. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नको. हे तुझ्या आणि देवाच्यात राहील."

रविवारी त्यांनी तेच देवाला माईकवरून सांगितलं. "प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीकडं बघ. नवऱ्याचं घर सोडून आली आहे. तू तिची कूस रिकामी केलीस, तरी तिच्यातला बंडखोर आत्मा नमत नाही." प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. मी उघडले, तर बायकांच्या बाजूच्या माना आक्काकडं वळलेल्या. आईनं तोंडात पदर कोंबला होता. बाळाचं तिला असं कळलं.

त्याच दिवशी प्रभुभोजन होतं; येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचा. भाकरीचं ताट आक्काच्या पुढ्यात आलं आणि न थांबता पुढं गेलं. नवऱ्याशी समेट करेपर्यंत तिला भाग नाही, असं ठरलं होतं म्हणे. गीतांच्या वेळी खंजिरी घेऊन सगळ्यांच्या पुढं असणारी माझी आक्का त्या दिवसापासून दाराजवळ, चपलांपाशी बसायला लागली.

मी घरात आकांडतांडव केलं. आई रडत म्हणाली, "पर त्यांनी नाव कुटं घेतलं गं?" मंडळीतही सगळ्यांचं तेच. नाव कुठं घेतलं? माणूस देवाशी बोलत होता! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याआधीही किती 'एक बहीण' आणि 'एक भाऊ' त्या माईकवर येऊन गेले होते. मागच्या खोलीत विश्वासानं सांगितलेलं रविवारी चव्हाट्यावर यायचं, आणि माणूस जन्माचा वाकायचा. देवाच्या आडून दगड मारला की मारणाऱ्याचा हात कुणाला दिसत नाही.

मी आक्काला विचारलं, "सगळ्यांसमोर बोलू?"

"बोल," ती म्हणाली. "पर मी रडणार न्हाय."

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी माईक घेतला. "प्रभूनं माझे डोळे उघडले."

"हालेलुया!"

"आपल्यात एक माणूस आहे. मी नाव घेत नाही."

"हालेलुया!"

"तो मागच्या खोलीत बायकांची दुःखं ऐकून घेतो."

"हालेलुया!"

"आणि रविवारी माईकवर वाटून टाकतो."

इथं सवयीनं सुटलेलं हालेलुया निम्म्यातच अडकलं. मागं बसलेले एक बहिरट आजोबा तेवढे खणखणीत "हालेलुया!" म्हणाले. पास्टरांचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. कुणीतरी माईक बंद केला. सातवीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला माईक लागत नाही. माझं झाल्यावर एक विधवा बाई उठली आणि म्हणाली, "माजंबी असंच केलतं यांनी." मग आणखी एक उठली.

त्याच आठवड्यात पास्टर आमच्या घरी आले. घरातल्या घरात प्रार्थना करून मिटवू, देवाच्या कामाला बट्टा नको, म्हणाले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. "माईकवर केलंत, माईकवरच निस्तरा," म्हटलं. त्या बायका बोलल्यामुळं मंडळीच्या पंचांनाही दुसरा मार्ग उरला नव्हता.

रविवारी ते उभे राहिले. "माझ्या प्रार्थनेनं एखाद्या बहिणीचं मन दुखावलं असेल, तर..."

दाराजवळून आक्का उठली. "नाव घ्या, पास्टर."

त्यांनी पंचांकडं बघितलं. पंच चटईकडं बघत बसले. शेवटी त्यांनी आक्काचं नाव घेतलं, तिनं सांगितलेलं आपण फोडलं असं कबूल केलं आणि हात जोडून क्षमा मागितली.

आमच्यात क्षमा मागितली की लगेच द्यायची रीत आहे. सगळे हालेलुया म्हणायला तोंड उघडून बसले. एक पंच हळूच म्हणाले, "पोरी, क्षमा केली म्हण की."

आक्कानं पदर नीट केला. "ते माज्या आन देवाच्यात राहील," म्हणाली, आणि पुढं येऊन खंजिरी उचलली.