पायाखालची काळी

आमच्या गावच्या शाळेची खोली बांधणाऱ्या कंत्राटदारानं साऱ्या गावाला फसवलं. आधी एवढं सांगतो, मग बाकीचं.

आज सकाळी त्या खोलीवरून गेलो. चैत्रातलं ऊन, मागच्या रानातून येणारा तापल्या मातीचा कोरडा वास, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेली ती भेग. गेल्या वर्षी तिच्यात नख शिरत होतं. आज बोट शिरलं. आत गार लागलं. पलीकडं पोरं एका सुरात पाढे म्हणत होती आणि त्यांचा आवाज भेगेतून माझ्या बोटावर येत होता.

भीमेकाठची आमची काळी माती ऊस देते, पण भिंतीला थारा देत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि अशी उकलते की गाईचा खूर अडकावा. तिच्यावरची भिंत वर्षभर हलत असते, दिसत नाही एवढंच. म्हणून काळी संपून पक्का मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, भिंतीच्या कडेला पाणी मुरू द्यायचं नाही, हे आमच्याकडं गाडीवानालाही ठाऊक. मीही गाडीवानच होतो. दुसऱ्याच्या गाडीवर मुरूम वाहता वाहता स्वतःची वीटभट्टी उभी केली, आणि यवतपासून मांडवगणपर्यंत कुणी मला भावात दाबू शकला नाही.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्या सुमाराला खोली बांधली. विटा माझ्या. पाया बघायला गाव जमलं तेव्हा मी भट्टीवर होतो. चराच्या तळाशी पिवळा मुरूम दिसला, सरपंच आबांनी मान डोलावली, नारळ फुटला.

पुढं भेग पडली तेव्हा कंत्राटदार चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय शेठ, विटा कच्च्याच ऱ्हायल्या व्हय? का जळान बी घासाघीस करून आणलंवतं?"

लोक खदखदून हसले. माझं डोकं फिरलं. घरून पहार आणली आणि आबांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं.

"बघा आबा, भेग सांध्यासांध्यानं जिन्यावानी चढलीया. विटा कच्च्या असत्या तर त्याच फुटल्या असत्या. एक तरी वीट फुटलीया का?"

"न्हाई बा."

मग भिंतीलगत पायाच्या बुडापर्यंत खणलं. तिथं मुरूम होता, वीतभर. पहार मारली तर ती भसकन खाली गेली आणि वर आली ती काळी चिकट माती घेऊन. टोपल्यांनी आणून पसरलेला मुरूम!

आबा म्हणाले, "आता बोलून काय व्हनार? गिलावा करून घिऊ. त्यो आपल्याच भावकीतला हाय."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात गिलावा होतो, पांढरा, गुळगुळीत. पावसाळ्यात माती फुगली की भेग मिटते आणि गाव निर्धास्त होतं. दिवाळी सरली की ती पुन्हा उघडते, आधीपेक्षा रुंद. मातीला घाई नसते. माणसं विसरतात, शेजारधर्म आडवा येतो, कुणी कुणाला दुखवत नाही. ती मात्र खाली आपलं काम करत राहते. अलीकडं वारा सुटला की मी भट्टीवरून उगाच शाळेकडं कान देतो.

यंदाचा पावसाळा ती भिंत काढेल का, मला सांगता येत नाही. तिच्या बुडाशी पहिलीची पोरं बसतात. मला नवा गिलावा दाखवू नका. त्या कंत्राटदाराला चावडीवर बोलवा, आबा, तुम्हीही या. पोरांच्या आयांसमोर त्यानं सांगावं, काळी संपायच्या आधी कुदळ का थांबवली? आणि भिंत बसली तर तिच्याखालून पोरं कोण काढणार?