सासूबाईंची राहिलेली इच्छा

आमच्या रहाटणीच्या घरात दागिन्यांच्या कपाटाला कुलूप नाही, स्वयंपाकघराला आहे. किल्ली माझ्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात. नव्या माणसाला वाटायचं, सासूसुनेचं पटत नसावं. पटत नव्हतंच, पण कुलूप लेकीसाठी होतं.

लेक जन्मली तेव्हा तिला दूध ओढायचीही ताकद नव्हती. चमच्याने थेंब थेंब पाजताना मी देवाला म्हणायचे, हिला भूक दे. चौथ्या वर्षी भूक आली ती गेलीच नाही. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, जन्मजात गुणसूत्रातला दोष आहे. पोट भरल्याचा निरोप हिच्या मेंदूपर्यंत पोचतच नाही. जेवून हात धुतानाही ती भुकेलीच असते. भिजवलेली कणीक, कच्चे बटाटे, एकदा तर कचऱ्याच्या डब्यातली केळ्याची सालं तिने खाल्ली. तेव्हापासून कुलूप.

सासूबाईंना ते कधी पटलं नाही. दारी आलेल्या कुत्र्यालाही भाकरी घालणारी ती बाई. "लेकराला उपाशी ठिवायचं, ह्ये कसलं औशिद?" म्हणायच्या आणि पदराआडून नातीला लाडू द्यायच्या. वजन वाढलं, झोपेत तिचा श्वास अडकायला लागला, आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "मारायचीये का तिला?" त्यांनी लाडू बंद केले आणि माझ्याशी बोलणंही. आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, खोटं कशाला सांगू?

यंदा त्या गेल्या. दहाव्याला नदीच्या घाटावर सगळं गाव लोटलं. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असतं आणि श्रद्धांजलीची भाषणं. निवडणुकीला उभं राहू पाहणारे दोन शब्द म्हणून वीस मिनिटं घेतात. भाषणंही संपली, तरी पिंडाला कावळा शिवेना. पिंडाशेजारी सासूबाईंच्या आवडीचं पान वाढलेलं, दहीभात, पुरणपोळी, भजी. कावळे समोरच्या उंबरावर बसून नुसते बघत होते.

मग एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला. माझा नवरा म्हणाला, "आई, बहिणींचं माहेर तुटू देणार नाही." कावळा हलला नाही. मोठे दीर माझ्याकडे वळले. "तिचा जीव नातीत अडकलाय. कुलूप काढते म्हण. एवढं म्हटलं की मोकळी होईल ती."

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. म्हणून टाकणं सोपं होतं. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आमच्या घरात कुणी मोडत नाही, आणि लेक माझा हात धरून उभी होती. खाण्याविषयीचा एकही शब्द ती विसरत नाही.

मी हात जोडले. "आत्याबाई, तिला जिवापाड जपेन. पण कुलूप काढणार नाही."

कुजबूज झाली. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मागून एक बाई म्हणाली, "म्हातारी उपाशीच गेली." उपाशी हा शब्द मी या घरात रोज ऐकत आले, त्या दिवशी तो जिव्हारी लागला.

माणसं उठू लागली तशी लेकीने माझा हात ओढला. दोन तास त्या पानासमोर ती जागची हलली नव्हती.

"आई, आजीचं पान कुणीच खाईना. मी खाऊ?"

"नाही, बाळा."

मला वाटलं, आता ती आकांत करणार. पण ती पानाजवळ गेली, हात जोडले आणि म्हणाली, "आजी, आई नाही म्हणते. तूच खा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "माझं जेवण किती वाजता?"

"साडेबाराला," मी म्हटलं. तेव्हा अकराही वाजले नव्हते. दहा दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं, सासूसाठी रडतेय. थोडं त्यांच्यासाठीही होतं.