पडला एकदाचा प्रमोदचा कॅमेरा!

फोटोग्राफरच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक म्हणजे मेलेल्या बॅटऱ्या आणि दुसरी म्हणजे पडझडीचे किस्से. बॅटऱ्या निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? ते चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा सांगावेच लागतात!

आमची टपरी जाम गावच्या चौकात. मी हिंगणघाटचा, गजूभाऊ सेवाग्रामचा, विनायक समुद्रपूरचा आणि प्रमोद वर्ध्याचा. चौघेही लग्नाचे फोटो काढणारे. जाम सगळ्यांना सोयीचं, म्हणून ज्या दिवशी कोणाचंच लग्न नसेल त्या दिवशी सकाळी दहाला तिथे जमायचं.

आमच्यात एक रीत आहे. कोणी नवं सामान घेतलं की ते आधी टपरीवर आणायचं. एकेकानं हातात घ्यायचं, एक फोटो काढायचा, मग ज्याचं सामान त्यानं सगळ्यांना आलुबोंडा खाऊ घालायचा. याला आम्ही 'हात फिरवणं' म्हणतो. हात फिरल्याशिवाय त्या सामानानं लग्नाची पहिली ऑर्डर करायची नाही.

आता खरं सांगतो, लपवायचं काय त्यात! दुसऱ्याच्या हातात नवा कॅमेरा दिसला की माझ्या पोटात आग पडते. तोंडानं मी "वा, झकास!" म्हणतो, पण मनात म्हणतो, 'पडो मेला!' आणि खरंच कोणाचं काही पडलं, तर त्या दिवशी मला दोन पोळ्या जास्त जातात. माझी बायको सुनंदा तर ताटाकडे बघूनच विचारते, "आज कोणाचं फुटलं?"

*

पहिलं फुटलं गजूभाऊचं. आमच्यात वयानं मोठा आणि भलता देवभोळा माणूस. नवी मोठी लेन्स घेतली आणि कॅमेऱ्याला लावून दसऱ्याला पूजेत मांडली. पाटावर कॅमेरा, त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. वहिनींनी ओवाळलं. आम्हाला प्रसादाला बोलावलं होतं. मी कोपऱ्यात बसून त्या लेन्सकडे असा बघत होतो, जणू ती माझ्या वाटणीची होती आणि यानं लाटली.

आरती झाली. गजूभाऊ नमस्काराला वाकला, डोकं टेकवलं, डोळे मिटले, बराच वेळ काहीतरी मागितलं आणि उठला. त्याच्या उपरण्याच्या टोकात कॅमेऱ्याचा पट्टा कधी अडकला कोणाला दिसलंच नाही. गजूभाऊ उभा झाला तसा कॅमेराही पाटावरून उभा झाला, आणि मग खाली फरशीवर!

गजूभाऊनं लेन्स उचलून हलवली. आतून काचा वाजल्या.

"चाला," तो शांतपणे म्हणाला, "स्थापना झाली, विसर्जनही झालं. प्रसाद घ्या!"

मी दोनदा शिरा घेतला.

*

विनायकच्या ड्रोनचा किस्सा मला अजूनही पचत नाही. हिंगणघाटला एक वरात होती. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल, रस्त्यानं जिनिंग मिलकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. विनायकनं नवाकोरा ड्रोन उडवला. वरातीतले लोक वर बघून नाचायला लागले. माझी ऑर्डर नव्हती, पण ड्रोन आला आहे म्हटल्यावर मी भाजीची पिशवी घेऊन तिथे उभा होतो.

अचानक वर काहीतरी बिघडलं. ड्रोन गिरक्या घ्यायला लागला, वाकडा झाला आणि दगडासारखा खाली यायला लागला. विनायकनं रिमोट छातीशी धरला आणि ओरडला, "गेला बाप्पा, गेला!"

खोटं कशाला बोलू, मला असं वाटलं की उपास फळला!

पण नशीब बघा एकेकाचं. खाली डांबरी रस्ता होता, विजेचे खांब होते, एवढी मोठी नाली होती. ते सगळं सोडून ड्रोन पडला तो भरलेल्या कापसाच्या ट्रॉलीत! गादीवर तान्हं बाळ ठेवावं तसा अलगद. ट्रॉली आपली चालतच होती. विनायक मागे धावला, त्याच्या मागे वरातीतले दोघं, त्यांच्या मागे मी.

ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक लावला, वर चढून ड्रोन काढला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, अजून एक टाकता काय? जरा वजन वाढन!"

ड्रोनला एक ओरखडा नव्हता. त्या दिवशी मी एकच पोळी खाल्ली.

*

आता म्हणाल, दुसऱ्यांचंच सांगतो, स्वतःचं सांग! सांगतो ना.

मीही एक गिम्बल घेतला. चालता चालता व्हिडिओ काढला तरी कॅमेरा हलू नये म्हणून हातात धरायचा दांडा असतो तो. पण मी तो टपरीवर नेलाच नाही. काऊन? तर नजर लागते! माझी स्वतःची नजर कशी आहे हे मला माहीत आहे, मग बाकीच्या तिघांवर भरवसा कसा ठेवायचा? एवढं करूनही धाकधूक होतीच, म्हणून सुनंदाकडून एक लिंबू आणि सात मिरच्या ओवून घेतल्या आणि गिम्बलला बांधल्या.

आता त्या यंत्राचं सगळं काम तोलावर चालतं. एका बाजूला रुपयाभर वजन जास्त झालं तरी त्याला चालत नाही. आणि सुनंदानं तर चांगलं ईडलिंबाएवढं लिंबू घेतलेलं! नवरी मांडवात आली, मी उलट्या पावलानं चालत व्हिडिओ काढतोय, आणि गिम्बल थरथरायला लागला. अंगात आल्यासारखा! मी आणखी घट्ट धरला. तो आणखी जोरात घुमला. खटकन कॅमेरा धरणारी पट्टी सुटली आणि कॅमेरा नवरीच्या पायाशी. मिरच्या सगळ्या मांडवभर.

नागपूरला दुरुस्तीला नेला. तिथल्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही हसली नाही. फक्त पावती देताना म्हणाली, "काका, पुढच्या वेळी लहान लिंबू बांधा."

*

पण माझं खरं दुखणं म्हणजे प्रमोद.

प्रमोद माझ्याच हाताखाली शिकला. तीन वर्षं माझ्या शेजारी लाइट धरून उभा राहिला. आज वर्ध्यातल्या चांगल्या घरातलं लग्न जमलं की आधी प्रमोदची तारीख बघतात, मग मुहूर्त काढतात. वरून माणूस इतका नम्र की त्याला शिवी देता येत नाही. याच्यासारखा त्रास नाही दुसरा!

त्यातच माझ्या मुलीचं, रश्मीचं लग्न जमलं. पंचवीस वर्षं मी लोकांच्या मुलींचे अल्बम केले. माझ्या मुलीचा अल्बम कोणाच्या हातचा होणार? माझं एकच मागणं होतं. गजूभाऊचा चालेल, विनायकचा चालेल, पण प्रमोदचा नको.

आणि नेमका तेव्हाच प्रमोदनं नवा कॅमेरा घेतला. मी चार वर्षं ज्याची चित्रं मोबाइलवर मोठी करून करून बघत होतो, तोच!

हात फिरवायला टपरीवर आणला. खरं तर मान गजूभाऊचा, पण प्रमोदनं कॅमेरा माझ्यासमोर धरला. "दादा, पयला फोटो तुमी काढा. तुमच्यापासूनच शिकलो मी."

मी चहावाल्याच्या हाताचा फोटो काढला. स्क्रीनवर बघितला तर नखातली चहापत्तीसुद्धा दिसत होती! कॅमेरा परत द्यावासाच वाटेना.

"दे न बे आता!" गजूभाऊ ओरडला. "अंडं उबवून राह्यला काय?"

दिला. मनात म्हटलं, आता पडेल. गजूभाऊचे हात कापतात, त्याच्या हातून पडला नाही. विनायक आलुबोंडा खात होता, त्यानं तेलकट हातांनी धरला, तरी निसटला नाही! शेवटी प्रमोदनं कॅमेरा गळ्यात घातला आणि लेन्सचं झाकण तेवढं सुटून माझ्या चहात पडलं.

गजूभाऊनं माझ्याकडे बघितलं. "सुधाकर, तुह्या नजरेत आता पयल्यासारखा दम नाई राह्यला."

त्याच दिवशी घरी आलो तर रश्मी म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाचे फोटो प्रमोदकाका काढणार. मी बोलले त्यांच्याशी."

"अन् मी काय मेलो काय?"

"असं काय बोलता? तुमी तर नवरीचे बाबा आहात न!"

ती काहीतरी समजावत राहिली. मला फक्त तो कॅमेरा दिसत होता. पोरगी कॅमेऱ्याला भुलली, दुसरं काय!

*

लग्न हिंगणघाटलाच होतं, सकाळचा मुहूर्त. मी फेटा बांधला, नवं जाकीट घातलं, आणि माझा जुना कॅमेरा गाडीत ठेवला. असाच. सुनंदानं बघितलं, पण पाहुणे होते म्हणून बोलली नाही.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला. वरून फोटो घ्यायला प्रमोद प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला होता. सगळीकडून अक्षता आल्या आणि स्टेजवर तांदळाचा सडा पडला. त्यावरून खुर्चीचा पाय घसरला. प्रमोद कसाबसा खांब धरून सावरला, पण कॅमेरा हातातून सुटला आणि लोखंडी पायरीवर तोंडावर पडला. लेन्स एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे!

मुलीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मी मनातल्या मनात नाचत होतो. बापाला लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

प्रमोदचा दुसरा कॅमेरा व्हिडिओवाल्याकडे होता. तो धावत माझ्याकडे आला, तोंड पांढरंफटक. "दादा, तुमचा कॅमेरा गाडीत हाय न? मले द्या. मी काढतो, तुमी कन्यादानाले बसा."

"माह्या कॅमेऱ्याले दुसऱ्याचा हात नाई चालत," मी म्हटलं.

"दादा, तुमची पोरगी हाय. बसा न!"

मी बसलो नाही. माझ्या थोरल्या भावाला म्हटलं, "तू अन् वहिनी बसा कन्यादानाले." सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, डोकं ठिकाणावर हाय काय तुमचं?" पण तोवर मी फेटा काढून खुर्चीवर ठेवला होता आणि कॅमेरा गळ्यात घातला होता.

आणि काय फोटो काढले म्हणता! कन्यादान, सप्तपदी, एकही क्षण सोडला नाही. पाठवणीच्या वेळी रश्मी रडत रडत माझ्याकडे यायला लागली, तर मी हातानं थांबवलं, "तिथंच थांब बेटा, उजेड मस्त आहे!" तो फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे. व्हिडिओतही मी दिसतो, पण डोळ्याला कॅमेरा लावलेला. तोंड काही दिसत नाही.

अल्बम आला. मी आधी प्रमोदला घरी बोलावून दाखवला, मुद्दाम! त्यानं सगळी पानं शांतपणे उलटली आणि म्हणाला, "दादा, मले नसतं जमलं." मी त्याला आग्रह करकरून दोन वेळा चहा पाजला.

मग रश्मी पहिल्यांदा माहेरी आली. जावईबापू, सुनंदा, सगळे भोवती बसले. जावईबापू प्रत्येक पानाला "वा बाबा, वा!" म्हणत होते. रश्मी पानं उलटत होती. शेवटचं पान उलटलं आणि ती पुन्हा पहिल्या पानावर गेली. बोट फिरवत फिरवत एकेक फोटो बघत पुन्हा शेवटपर्यंत आली. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो.

तिनं अल्बम मिटला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, माह्या लग्नाले तुमी आलते काय?"