तहान न लागणारा माणूस

मास्तर वाचत होते आन् मी हुंकार दिला.

"हूं."

सगळं वाचनालय हसलं.

मास्तर थांबले. चष्मा खाली ओढून दाराकडं पाहिलं. मी दारातच बसलो होतो, चपलांच्या बाजूला. आत सतरंजी होती, सतरंजीवर जागाबी होती. पण ये म्हणून कोणी म्हणलं न्हाई, आन् मीबी हाललो न्हाई. पासष्ट वरसाची खोड.

"काय रे म्हाताऱ्या," मास्तर म्हणले, "हे चंद्राच्या पल्याडचं चाललंय. जात्यावरचं नाही. हूं हूं काय करतोस?"

कापड दुकानवाले शेटजी म्हणले, "रॉकेट हाकून राहिला तो, मास्तर. बैलावानी."

पुन्हा हसले. मीबी हसलो. त्यांचं हसणं मी कवाच विसरलो असतो. माझं हसणं अजून विसरलो न्हाई.

आमच्यात गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. न्हाई दिला तर गोष्ट तिथंच थांबते. माझी बायको सांगायची, मी हूं म्हणायचो. चाळीस वरसं. ती गेली त्याला तेव्हा सात महिने झाले होते. घरात कोणी बोलणारंच न्हवतं, हूं कोणाला म्हणू? मास्तरांनी "तळ्याला पाणी लागेना" एवढं वाचलं आन् तोंडातून आपोआप निघालं.

मी आलो होतो तोच त्या गोष्टीसाठी. बाजारात कळलं, शहरातल्या कोण्या प्रोफेसरानं तळ्याची जुनी गोष्ट विज्ञानाची करून मासिकात छापली. मास्तर ती वाचून दाखवणार, मग वाचकांची मतं वहीत लिहून मासिकाला पाठवणार. तळ्याची गोष्ट म्हणजे तिची गोष्ट. मला वाटलं, तिचा आवाज न्हाई तर न्हाई, गोष्ट तरी कानावर पडंल. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस मी. विज्ञानाशी माझं दुसरं काय काम?

तिची गोष्ट अशी. पाटलानं तळं खंदलं. पाणी लागेना. देवीनं जीव मागितला. पाटलाला सून होती, नातू होता. त्यांना कोण देतं? महारवाड्यातली पोर नेली. नवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, तळ्यात मधोमध उभी केली. घोट्याला पाणी, गुडघ्याला पाणी, गळ्याला पाणी. तळं भरलं. गाव प्यालं. आन् पोरीची माय काठावर घागर घेऊन उभी. कोणीतरी वरून ओतंल म्हणून. तळ्याला आमचा हात चालत न्हवता ना. पोर चालली. हात चालला न्हाई.

इथं बायको थांबायची. कितीबी हुंकार दिला तरी पुढं सांगत न्हवती.

प्रोफेसराच्या गोष्टीत तळं दुसऱ्या ग्रहावर होतं. देवी म्हणजे एक मोठं यंत्र. आन् तळ्यात उतरला यंत्रमानव, लोखंडाचा. तो वस्तीतली घाण काढायचा. निरोप न्यायचा. काम झालं की वस्तीच्या बाहेर उभा राहायचा. उतर म्हणलं, उतरला. आनंदानं उतरला, असं लिहिलं होतं.

वाचून झालं. मास्तरांनी वही काढली, एकेकाला इचारलं.

तलाठी म्हणले, "उत्तम. जुन्या गोष्टीतला रक्तपात काढून टाकला."

शेटजी म्हणले, "कोणाचा जीव गेला न्हाई आन् पाणी बराबर लागलं. असा एखादा गडी आपल्यालाबी पाहिजे, मास्तर. खायला न्हाई, प्यायला न्हाई."

"तीच तर लेखकाची कमाल," मास्तर म्हणले. "यंत्राला तहान लागत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान हालली न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात बायको तलावाच्या कामावर होती. डोक्यावर माती वाहायची. पाण्याचं पिंप सावलीला, पण आमी हात लावायचा न्हाई. पाणक्या येईल, वरून ओतंल, तवा ओंजळ धरायची. एक दिवस दुपार कलली तरी पाणक्या आला न्हाई. तिनं मुकादमाला इचारलं. मुकादम म्हणला, "तुमाला काहून एवढी तहान लागती?"

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं. मी म्हणलं, हूं.

गोष्ट ऐकल्यावानी. हूं. धम्म घेतलेला माणूस मी, देव्हारा उचलून नदीत टाकलेला. आन् बायको आपली तहान सांगून राहिली, तर मी निसता हूं म्हणलो.

ते मला त्या दारात बसून कळलं.

"माझं मत लिवा," मी म्हणलं.

"तुझं?" मास्तर म्हणले.

"लिवा, लिवा," शेटजी म्हणले. "अंगठ्याला शाई आणा."

मी उठलो. चपला ओलांडून आत गेलो. शेटजीच्या मांडीला मांडी लावून सतरंजीवर बसलो. ते सरकले. मी आणखी टेकलो. मास्तरांच्या हातातून वही घेतली, पेन घेतलं. माझं अक्षर वाकडं, लई वेळ लागला.

लिहिलं ते असं: 'हे यंत्र न्हाई. हे आमी आहोत. आमाला तहान लागते. तुमी इचारलं न्हाई.'

खाली नाव घातलं. पूर्ण.

मास्तरांनी वाचलं. कान लाल झाले. "हे पाठवता येणार नाही. गोष्टीत जात कुठं आहे? तूच आणतोस."

"घाण कोण काढतं ते तुमीच वाचलं, मास्तर. वस्तीबाहेर कोण उभं राहतं तेबी वाचलं. तुमाला कोण दिसलं?"

शेटजी म्हणले, "यंत्र दिसलं. आणखी काय दिसायचं?"

"मला माझी बायको दिसली."

मास्तरांनी पान फाडलं. चार तुकडे केले.

"फाडा," मी म्हणलं. "मला पाठ आहे."

त्यांची सगळ्यांची मतं मासिकात छापून आली म्हणे. येऊ द्या.

आता दर रविवारी मी आमच्या विहारात गोष्ट सांगतो. बायको थांबायची तिथपर्यंत मी जातच न्हाई, आधीच वळतो. पाटलाची माणसं लुगडं घेऊन दारात येतात. पोर लुगडं परत करते. म्हणते, मी येत न्हाई. माणसं म्हणतात, तळं कोरडं राहील. पोर म्हणते, राहू द्या.

आमच्यातल्याच म्हाताऱ्या बाया माझ्यावर चिडतात. "अवो, अशी कुठं गोष्ट असती? मग गावानं प्यावं काय?"

मी सांगतो, गावानं अजून खोल खंदावं. सगळ्यांनी. स्वतःच्या हातानं. पाटलानंबी, शेटजीनंबी, मास्तरानंबी.

आमच्यातलं कोणी आता उतरणार न्हाई.