जवाची पुरचुंडी

त्या दोघांना मी वीर म्हणणार नाही. पुण्याहून सायकलवर काशीपर्यंत आले होते आणि पुढे कलकत्त्याला निघाले होते, हे खरं. पण आमच्या राजा घाटाजवळच्या घरात उतरल्यापासून आईच्या हातच्या पुरणपोळ्या चेपण्यापलीकडे त्यांनी काही पराक्रम केल्याचं मला आठवत नाही. दोघांतल्या म्होरक्याच्या छातीवर कसलासा बिल्ला होता, सायकलीला ‘भारतभ्रमण’ अशी पाटी होती आणि बगलेत एक जाड वही. जाईल त्या गावच्या बड्या माणसाची तिच्यात सही घ्यायची. मामलेदार, कलेक्टरसाहेब, एखादे संस्थानिक. सही मिळाली की त्या गावात बघण्यासारखं काही उरत नसे.

माझं मराठी ऐकून तो हसायचा. “मास्तर, ‘जल्दी’ काय? लवकर म्हणा!” मी शाळेत शिकवत होतो, तरी हे मुकाट ऐकून घेत होतो, कारण मला सायकल हवी होती.

मुळात ते तिघे होते. तिसऱ्याला आमच्याकडेच कावीळ झाली. त्याला आगगाडीत बसवून घरी पाठवलं आणि त्याची सायकल आमच्या अंगणात उभी राहिली. मी बावीस वर्षांचा होतो आणि मोगलसराईच्या पुढे गेलो नव्हतो. शाळेतून आलो की तिची घंटी वाजवून बघायचो. शेवटी म्होरक्याच म्हणाला, “चला आमच्याबरोबर कलकत्त्याला. पण आधी परीक्षा. पंचक्रोशी एका दिवसात पायी करायची.”

काशीभोवतीची ही पन्नास मैलांची प्रदक्षिणा, पंचक्रोशी, लोक पाच दिवसांत चालतात. याला ती एका दिवसात उरकून वहीत दाखला हवा होता, आणि तोही माझ्या वडिलांचा. अण्णा पाठशाळेत शिकवायचे, लोक त्यांना शास्त्रीबुवा म्हणायचे. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत पंचक्रोशीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यांची सख्खी बहीण नदीपलीकडे रामनगरला होती. घाटावरून रामनगर दिसतं, पण ती वारली तेव्हाही ते गेले नाहीत. अशा माणसाच्या सहीला काशीत कलेक्टरापेक्षा जास्त वजन होतं, एवढं त्या बिल्लेवाल्यालाही कळलं होतं.

निघताना अण्णांनी माझ्या हातात जवाची पुरचुंडी दिली. शेवटच्या मुक्कामापासून, कपिलधारेपासून, मणिकर्णिकेपर्यंत वाटेवर जव सांडत यायचे असतात. “आठवणीने सांड,” म्हणाले.

पहाटे मणिकर्णिकेवरून निघालो. लोक अनवाणी चालतात. हे दोघे नाल ठोकलेले बूट घालून ठकठक करत निघाले. या वाटेवर उजव्या हाताला काशी असते, म्हणून थुंकणं, लघवी, सगळं डावीकडे. मी हे दोनदा सांगितलं होतं. तरी म्होरक्या पहिल्या मुक्कामाच्या, कंदव्याच्या, अलीकडे उजवीकडेच उभा राहिला, आणि मागून येणारी एक म्हातारी काठी उगारून ओरडली, “ए बाबू! दहिने ओर काशी जी हैं!” भारतभ्रमण करणारा वीर अर्धी चड्डी सावरत पळाला. मला फार बरं वाटलं.

दुपारी दुसऱ्या मुक्कामाला, भीमचंडीला, पोचेपर्यंत वीरांच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. निम्मीही वाट झाली नव्हती. म्होरक्याने बूट काढले, पाय बघितले आणि समोरून जाणारा घोड्याचा एक्का थांबवला.

“मास्तर,” तो म्हणाला, “सायकल तुमची. फक्त शास्त्रीबुवांना सांगायचं, पुरी केली.”

मी एक्क्यात बसलो. माझे पाय चांगले होते, हे इथे सांगायला हवं.

लवकर घरी गेलो तर बिंग फुटेल, म्हणून दिवस मावळेपर्यंत मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर कचोऱ्या खात बसलो. मग तोंडावर थकवा आणून घरी गेलो. त्या दोघांना तो फार छान जमला. मलाही जमला.

अण्णांनी वही पुढ्यात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. “तू साथ होतास ना?”

“हो.”

“जव सांडलेस?”

“हो.”

त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं की दोन महाराष्ट्रीय गृहस्थ एका दिवसात पंचक्रोशी पायी करून आले. खाली सही केली. मी कुर्ता खुंटीला टांगला आणि कलकत्त्याची स्वप्नं बघत झोपलो.

सकाळी सामान बांधून अंगणात आलो. आई एकटीच बसली होती. “अण्णा पंचक्रोशीला गेले,” ती म्हणाली. “तुझ्या खिशातली पुरचुंडी घेऊन गेले. सही केलीय, आता कोणीतरी चालायला पाहिजे, म्हणाले.”

अण्णांचे गुडघे घाटाच्या पायऱ्यांवरसुद्धा दुखायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्होरक्या दारात घंटी वाजवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो मोठ्याने हसला. “म्हाताऱ्याची हौस हो! फिरून येतील. चला, उशीर होतोय.”

तो हसला नसता तर मी कदाचित गेलोही असतो. माझी खात्री नाही. मी सायकलीचं हँडल त्याच्या हातात दिलं आणि पंचक्रोशीच्या वाटेने, अस्सी घाटाच्या दिशेने, पळत सुटलो.

अण्णा कंदव्याला धर्मशाळेच्या ओट्यावर पाय चोळत बसले होते.

“सायकल?”

“परत दिली.”

“हं. जोडे काढ.”

पाच दिवस चाललो. रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपायचो आणि ते चेपू द्यायचे. एवढंच आमचं बोलणं. पाचव्या दिवशी कपिलधारेला त्यांनी पुरचुंडी सोडली आणि अर्धे जव माझ्या ओंजळीत घातले. मणिकर्णिकेपर्यंत आम्ही ते सांडत आलो.

शेवटच्या पायरीवर अण्णा बसले. तोवर ते दोघे दुसऱ्या कुठल्या तरी गावात अण्णांची सही दाखवत असतील.

“दोन जण चालून आले, असं लिहिलं होतं मी,” ते म्हणाले. “झाले दोन. पण एका दिवसात, असंही लिहिलंय. तेवढं खोटं राहिलं रे माझ्या हातचं.”