साडेनऊनंतर प्रवेश बंद

भोरमध्ये चांगल्या माणसांची टंचाई कधीच नव्हती. नव्वदीच्या मध्यावर एका हिवाळ्यात तर त्यांचं असं पीक आलं, की त्यांनी थेट तमाशालाच शिस्त लावायला घेतली.

दरवर्षी गावाबाहेरच्या मैदानात तमाशाचा तंबू लागायचा. तिकीट काढून आत बसायचं आणि उजाडलं की उठायचं. त्या वर्षी गावातल्या प्रतिष्ठितांची एक समिती निघाली. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पोलिसांना पटवून नियम केला, की रात्री साडेनऊनंतर तंबूत कुणालाही घ्यायचं नाही. आत बसलेले खुशाल पहाटेपर्यंत बसोत. मास्तरांचं म्हणणं असं, की सज्जन माणूस वेळेवर जेवतो आणि वेळेवर येतो. उशिरा येतो तो पिऊन येतो. म्हणजे साडेनऊच्या आत पिऊन आलेला तो सज्जन. भोरचे निम्मे सज्जन साडेआठलाच तयार होऊन येत. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचे दोन्ही जावई त्यात असायचे.

साडेनऊनंतर यायचं कोण? वेल्ह्याकडची, गुंजवण्याकडची माणसं. म्हशींच्या धारा काढून निघणारी, दोन एस्ट्या बदलून येणारी. त्यांची शेवटची गाडी भोरच्या स्टँडवर पावणेदहाला लागायची. आणि हायवेवरच्या गॅरेजमधले मिस्त्री, ज्यांचं शटर दहाशिवाय खाली येत नसे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मग विरोध सुरू झाला. या विरोधाची मला जास्त चीड आहे, कारण त्यात मी होतो. स्टँडजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. मोर्चाचं निवेदन मीच रचलं आणि मीच टाइप केलं. ‘लोककलेची गळचेपी’, ‘नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर गदा’ असले शब्द मी तीन-तीन कार्बन लावून बडवले. पुढारीपण एका वकिलांकडे होतं. हे गृहस्थ एरवी तमाशाला मफलरने तोंड झाकून जायचे, आणि आता तेच तोंड उघडून लोककलेवर तासभर बोलत होते. तहसील कचेरीसमोर आम्ही पन्नासेक जण घसा फोडून ओरडलो. त्यातले चाळीस तरी भोरचेच, घरून चालत दहा मिनिटांत तंबूत पोचणारे.

गॅरेजमधला एक मुसलमान मिस्त्री ग्रीसचे हात फडक्याला पुसत आमच्यात येऊन उभा राहिला होता. त्याने विचारलं, “वकीलसायेब, आमी धाला शटर वढतो. आमच्यासाटी किती वाजेपर्यंतचं मागताय?”

वकील म्हणाले, “आधी तत्त्वाचं बघू. तुमचं मग.”

मिस्त्री हसला आणि आपल्या कामाला निघून गेला. सगळ्या मोर्चात शहाणा तेवढा एक निघाला.

तेरड्याचा रंग तीन दिवस. चौथ्या दिवशी मास्तर आणि वकील एका टेबलाशी चहाला बसले आणि तोडगा निघाला. नियम आहे तसा राहील. फक्त विरोध करणाऱ्या पंधरा प्रमुख कार्यकर्त्यांना केव्हाही आत जाता येईल, असे पास. फडाच्या मालकानेही मधे पडून एवढं कबूल करून घेतलं, की कलाकारांच्या घरच्या माणसांना अडवायचं नाही. वकिलांनी विजय जाहीर केला, पेढे वाटले. वेल्ह्याची एस्टी मात्र पावणेदहालाच येत राहिली. मी पेढा खाल्ला आणि पास शर्टाच्या खिशात घातला.

माझी सख्खी आत्या वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तीस वर्षं याच फडात होते. गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघणारी जी म्हातारी मावशी असते, ती ते लुगडं नेसून करायचे. लोक पोट धरून हसायचे. आमच्या घरात मात्र हे कुणी तोंडातून काढत नसे. विचारलंच कुणी, तर मामा मुंबईला मिलमध्ये आहेत असं सांगायचं. मीही भोरमध्ये तेच सांगत आलो होतो. लोककलेची गळचेपी टाइप करतानाही.

दर दसऱ्याला मामा आत्याचं एक जुनं लुगडं घेऊन फडात जायचे. पण आत्याने त्यांना स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या बायका तंबूच्या दिशेला मानसुद्धा वळवत नसत. त्या वर्षी मामांचे गुडघे गेले आणि हा शेवटचाच हंगाम ठरला. आत्याने त्यांनाही निरोप धाडला आणि मलाही. “तीस वरसं माजी लुगडी नाचली. येकदा तरी बघंन म्हनते. मला आत नेशील का?”

मी उलट निरोप दिला: खुशाल ये, माझ्याकडे पास आहे.

ती आली पावणेदहाच्या गाडीने. हातात भाकरीचं गाठोडं, अंगावर ठेवणीतलं लुगडं. तंबूच्या दाराला दोरी बांधलेली, शेजारी टेबलावर गजराचं घड्याळ आणि खुर्चीत हेडमास्तर. बाजूला वकील उभे. आठवड्यापूर्वी एकमेकांचा निषेध करणारे दोघं आता एकाच डबीतलं पान खात होते.

“या, या, तुमचा पास आहे,” मास्तर मला म्हणाले. “पण या बाई कोण?”

माझी आत्या. आत मावशी होतात त्यांची बायको. एवढं बोलायला किती दम लागतो? नियमानेही तिला आत सोडावंच लागलं असतं. पण मास्तर बघत होते, वकील बघत होते.

“गावाकडच्या आहेत,” मी म्हणालो.

“मग नियम तो नियम.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, “जा तू. ढोलकी काय, हितनं बी ऐकू येती. मी बसते ष्टँडवर.”

वकिलांनी माझं मनगट धरलं. “चला हो, गवळण सुरू झाली.” आणि मी दोरीखालून वाकून आत गेलो. तत्त्वासाठी लढलेल्यांच्या रांगेत, पुढून दुसऱ्या खुर्चीवर बसलो. मामा हिरवं लुगडं नेसून लंगडत आले आणि तंबू हसायला लागला. मीही हसलो. न हसून कसं चाललं असतं? शेजारच्याने विचारलं असतं ना, काय झालं म्हणून.

पहाटे तमाशा सुटल्यावर मी स्टँडवर गेलो. आत्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती, गाठोडं तसंच बांधलेलं.

“कंचं लुगडं नेसलं हुतं?” तिने विचारलं.

“हिरवं.”

“त्येच्या पदराला टाका घातलाय म्या. दिसत हुता का?”

“नाही.”

“हसली का मानसं?”

“खूप हसली.”

तिने मान हलवली. मला वाटलं, बाईला उत्सुकता आहे, विचारतेय.

तेवढ्यात मामा कानामागचा रंग पंच्याने पुसत आले. चालताना त्यांना त्रास होत होता, पण पावलं घाईची होती. “आलीस व्हय गं? दिसलं का समदं?”

“दिसलं की,” आत्या म्हणाली. “ह्यानं पार फुडं बसवलं मला. हिरव्याचा टाका आजाबात दिसत न्हवता. आन मानसं काय हसली वो!”

मामांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि गालावरचा उरलेला रंग ओला झाला होता. “लई केलंस बाबा,” ते म्हणाले. “तीस वरसांत आपल्या घरचं कुनी आलं न्हवतं.”

“त्यात काय मामा,” मी म्हणालो.